आधार कार्ड त्यांचं नको, मस्टर ठेकेदाराचं बघ

या आठवड्याचं पत्र हातकणंगले तालुक्यातल्या एका तरुणाचं आहे. थोडं आवरून देतो.

“काका, मी २५ वर्षांचा, आयटीआय फिटर. शिरोलीच्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडं दोन वर्षं फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला) होतो. आठ तासांची हजेरी ६०० रुपये. दिवाळी झाल्यावर ठेकेदार आम्हा आठ पोरांना म्हणाला, ‘कळवतो, तोवर येऊ नका.’ पुढच्याच आठवड्यात त्यानं चौदा नवीन माणसं आणली. ती बारा-बारा तास राबतात, ४५० रुपये घेतात आणि बंगालीसारखं काहीतरी बोलतात. मळ्यातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. गावात सगळे म्हणतात, बांगलादेशी आहेत. शनिवारी रात्री आमची पोरं खोल्यांवर जाऊन आधार कार्डं तपासणार, ज्यांच्याकडं नसेल त्यांना हाकलणार. मलाही बोलावलंय. आई नको म्हणते. अमेरिका घुसखोरांना विमानात भरून परत पाठवते, मग आमचं काय चुकतंय? जाऊ का नको, स्पष्ट सांगा.”

स्पष्ट सांगतो. जाऊ नको. आईचं ऐक.

पण एवढ्यावर तुझं पत्र मिटवलं तर बरं दिसणार नाही, कारण तुझं काम गेलंय ते खरंच गेलंय. ‘आपल्या पोरांना कष्ट नकोत, म्हणून बाहेरची येतात’ असं कोल्हापुरात पारापारावर बोललं जातं. दोन वर्षं ग्राइंडरपुढं उभं राहून कास्टिंगचे रायझर, म्हणजे ओतीव भागाला चिकटलेले जादा तुकडे, तोडणाऱ्या पोराला हे ऐकवायची माझी तरी छाती नाही. त्या धुळीत काय काय छातीत जातं ते मला ठाऊक आहे.

तर आधी हिशेब करू. तुझेच आकडे घेतो.

आठ तासांचे ६०० म्हणजे तासाला ७५ रुपये. आठवड्याला ४८ तासांपुढं काम झालं की त्या जादा तासांचे पैसे दुप्पट द्यायचे, हा नियम १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आहे आणि नव्या कामगार संहितांतही तो टिकलाय. बारा तासांची ड्यूटी, सहा दिवस, म्हणजे रोजचे चार तास दुपटीचे. आठ अधिक आठ, सोळा तासांचे पैसे. तुझ्या दरानं १,२०० रुपये झाले. त्या माणसाच्या हातात पडतात ४५०. माणशी रोजचे ७५० रुपये मधल्यामध्ये राहिले. चौदा माणसांचे १०,५००. महिन्याचे २६ दिवस धर, २ लाख ७३ हजार.

हे पैसे ठेकेदाराच्या खिशात जातात की फाउंड्रीच्या मालकाचा दर त्यामुळं खाली येतो, की दोघं वाटून घेतात, ते त्यांचं त्यांना माहीत. त्या पत्र्याच्या खोलीत मात्र ते नाहीत. शनिवारी रात्री तिथं गेलास तर स्टोव्ह, चार भांडी आणि दोरीवरचे कपडे सापडतील.

आता माझं सांगतो, म्हणजे हे मी कुठनं बोलतोय ते कळेल. एकतीस वर्षं मी एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिली. कुठल्या ते सांगत नाही. आमच्याकडं दोन मस्टर, म्हणजे हजेरीची पुस्तकं, असायची. एक खरं, एक इन्स्पेक्टर आला की टेबलावर ठेवायचं. दुसऱ्यात प्रत्येक माणूस आठ तासच काम करायचा आणि रविवारी घरी असायचा. दोन्ही मस्टरांत अक्षर माझंच. गावातल्या पोरांची नावं त्या खोट्या मस्टरात चढवताना साहेब नेहमी बिचकायचा, कारण गावातल्या पोराचा चुलता पंचायत समितीत असतो, मामा युनियनमध्ये असतो, कोण कधी कुणाला फोन करेल सांगता येत नाही. बाहेरच्या माणसाला मामा नसतो. साहेब हे उघड बोलायचा, आणि आम्ही हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही.

म्हणून म्हणतो, तुझी जागा गेली ती तो माणूस जास्त चांगलं ग्राइंडिंग करतो म्हणून गेली नाही. तो बोलू शकत नाही म्हणून गेली. कागद नसलेला माणूस तर मालकाला सगळ्यात सोयीचा. पगार बुडवला तरी तो कामगार आयुक्ताच्या दारात जाणार नाही, बोट तुटलं तरी ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात जाणार नाही, कारण पहिला प्रश्न येतो तो ‘तू कुठला’ हाच.

आता तू जिचं नाव घेतलंस त्या अमेरिकेकडं येतो. तिथं हा वाद चाळीस वर्षांहून जास्त पेटलेला आहे आणि त्यातनं आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे. फक्त विमानाचा फोटो बघू नको.

१९८० मध्ये क्युबातनं काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं फ्लोरिडात उतरली, त्यातली बरीच मायामी शहरात राहिली. एवढी माणसं एकदम आली म्हणजे तिथल्या लोकांचे पगार कोसळायला पाहिजेत. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्ये आकडे तपासले, तर पगारावर आणि बेकारीवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. माणसं आली तशी त्यांना लागणारी घरं, खाणं, कपडे हेही आलं, त्यातनं कामं निघाली. या कार्डना पुढं २०२१ चं नोबेल मिळालं. पण जॉर्ज बोर्हास या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञानं (हा स्वतः लहानपणी क्युबातनं आलेला) त्याच घटनेचे आकडे पुन्हा चाळून दाखवलं की शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचे पगार १० ते ३० टक्के पडले होते. मग त्याच्या आकड्यांत माणसंच किती थोडी आहेत यावरनं इतर अभ्यासक त्याच्यावर तुटून पडले. भांडण अजून मिटलेलं नाही. २०१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं मोठा अहवाल काढला. त्यात आलं की एकूण देशातल्या पगारावर दीर्घ मुदतीत परिणाम फार थोडा, पण जो काही फटका बसतो तो सगळ्यात आधी त्यांच्याआधी आलेल्या स्थलांतरितांना बसतो, आणि मग कमी शिकलेल्या स्थानिकांना.

‘कमी शिकलेल्या’ हा शब्द नीट वाच. म्हणजे तिथले फेटलिंगवाले असं समज. म्हणजे ‘काही परिणाम होत नाही’ म्हणणारा तुला फसवतोय आणि ‘सगळं त्यांनीच खाल्लं’ म्हणणाराही. तुझ्या पायरीवर धक्का लागतो. आणि तुझ्याआधी धक्का लागतो तो दहा वर्षांपूर्वी शिरोलीत आलेल्या, साचे करणाऱ्या बिहारी मोल्डरला. त्याला एकदा विचार, नवीन आलेल्यांबद्दल तो काय बोलतो. तुझ्यापेक्षा जास्त शिव्या देईल.

मग हाकलून लावलं की पगार वाढतो का? हेही त्यांनी करून बघितलंय. १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर कराराने आणायची त्यांची एक योजना होती, ब्रासेरो नावाची. ते मजूर कायदेशीरच होते, पण ‘आमच्या शेतमजुरांची मजुरी पाडतात’ म्हणून ओरड झाली आणि १९६४ मध्ये योजना बंद केली. लाखो माणसांची ये-जा थांबली. पुढं काही अभ्यासकांनी राज्याराज्यांचे मजुरीचे आकडे काढले, तर स्थानिक मजुरांची मजुरी त्यामुळं वाढल्याचं दिसेना. शेतकऱ्यांनी काय केलं? कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायला यंत्रं आणली. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येईनाशा झाल्या की कारखाना हार्वेस्टरची चौकशी करतो, गावातल्या पोरांना कोयता देत नाही. तसंच ते.

आणि एक निकाल सांगतो. टाइम ऑफिसात आयुष्य गेलेल्या माणसाला तो फार लागतो. कॅलिफोर्नियातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मेक्सिकोहून बेकायदा आलेला एक कामगार युनियन बांधायच्या खटपटीत होता, म्हणून मालकानं काढला. असं काढणं तिथंही बेकायदाच. तिथल्या कामगार मंडळानं म्हटलं, बुडालेला पगार भरून द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की याच्याकडं कागद नाहीत, तेव्हा याला तो पगार मिळणार नाही. वरवर वाटतं, घुसखोराला धडा मिळाला. आता मालकाच्या खुर्चीत बसून बघ. कागदवाल्या माणसाला बेकायदा काढलं तर पैसे मोजावे लागतात, बिनकागदाच्याला काढलं तर फुकट. पुढच्या वेळी कुणाला कामावर घेशील? हा धडा त्या माणसाला कमी आणि तिथल्या नागरिक कामगाराला जास्त महाग पडला.

जाता जाता एक. तू म्हणतोस त्या विमानांतलं एक, लष्करी, ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलं. त्यात १०४ भारतीय होते, त्यातले तिघे आपल्या महाराष्ट्रातले.

घरची गोष्ट आणखी जवळची आहे. माझे वडील गारगोटीकडनं मुंबईला गिरणीत गेले. तेव्हा आपल्या भागातनं घरटी एक माणूस लालबाग-परळला असायचा, खानावळीत जेवायचा आणि आळीपाळीनं एकाच अंथरुणावर झोपायचा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. वडील परत आले ते कायमचेच. मालकांनी कापडाचं काम थांबवलं नाही. ते भिवंडीला, मालेगावला आणि आपल्या इचलकरंजीला मागांवर गेलं, जिथं मागवाला कामगार संघटनेशिवाय, कमी मजुरीत, रात्रपाळीत खटायला तयार होता. म्हणजे आमच्या घरातली चूल ज्या कामानं विझली त्याच कामावर आमच्याच जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची पेटली. वडील मरेपर्यंत इचलकरंजीवाल्यांना बोल लावत राहिले. गिरणीमालकाचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. ते त्यांना माहीतच नसावं बहुतेक.

बरं, आता ती चौदा माणसं बांगलादेशी आहेत का?

असतीलही. मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. बंगाली बोलतात म्हणतोस, तर मुर्शिदाबाद आणि मालदा या पश्चिम बंगालच्या जिल्ह्यांतनं माणसं देशभर कामाला जातात, आणि तिथली बोली तुला-मला पलीकडच्या बोलीपेक्षा वेगळी ऐकू यायची नाही. आपल्या गुजरीत सोन्याचं बारीक काम करणारे बंगाली कारागीर किती आहेत ते जाऊन बघ. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही कामगार थेट बांगलादेशात ढकलले गेले आणि भारतीय निघाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. पोलीस आणि सीमा सुरक्षा दल, सगळी यंत्रणा हाताशी असून त्यांची ही चूक झाली. तुमच्या शनिवारच्या टोळीकडं काय आहे? मोबाइलचा टॉर्च.

आधार कार्ड तपासून तर काहीच कळणार नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलंय. बारा महिन्यांत १८२ दिवस इथं राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. उलट कार्ड गावाकडं राहिलेला झारखंडचा आदिवासी पोरगा तुमच्या हातनं मार खाईल. आणि नेपाळचा निघाला तर? १९५० च्या करारानं त्याला इथं राहायची आणि काम करायची मुभा आहे, व्हिसासुद्धा लागत नाही. बाकी बिहार, ओडिशा, बंगालच्या माणसाला राज्यघटनेच्या १९ व्या कलमानं देशात कुठंही राहून काम करायचा जो हक्क आहे, त्याच हक्कानं तुझा चुलतभाऊ बंगळुरूला असेल. निपाणीहून कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत रोज मोटारसायकलवर येणारी मराठी पोरं कागदावर परराज्यातलीच की.

किती घुसखोर आहेत याचा आकडाही कुणी ठामपणे सांगू लागला तर सावध राहा. २००४ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत १ कोटी २० लाख ५३ हजार ९५० असा शेवटच्या माणसापर्यंतचा आकडा दिला आणि नंतर तो ऐकीव माहितीवरचा म्हणून सोडून दिला. २०१६ मध्ये दुसऱ्या सरकारच्या गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत २ कोटी सांगितले. आसामात सगळ्यांचे कागद तपासून २०१९ मध्ये नागरिक नोंदवही केली तेव्हा १९ लाखांवर माणसं यादीबाहेर राहिली, आणि तो आकडा कुणालाच पटला नाही. कुणी म्हणालं फार, कुणी म्हणालं थोडा.

संशय खरा वाटत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी दे किंवा ११२ ला कळव. त्यासाठी कायदा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झालाय. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, आणि आपण परदेशी नाही हे दाखवायची जबाबदारी त्या माणसावरच. हे काम सरकारचं.

तुमच्या टोळीसाठीही कायदा आहे, तो पोरांना वाचून दाखव. रात्री दुसऱ्याच्या खोलीत घुसणं, वाट अडवणं, धमकावणं हे तर गुन्हे आहेतच. त्यात भारतीय न्याय संहितेच्या ११७ व्या कलमात म्हटलंय, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जन्मस्थान, भाषा असल्या कारणावरनं कुणाला जबर दुखापत केली तर प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत कैद. प्रत्येकाला, नुसता उभा राहून व्हिडिओ काढणाऱ्यालाही त्यात ओढतील. माणूस मेला तर १०३ वं कलम, जन्मठेप किंवा फाशी. त्या टोळीत पोलीस भरतीसाठी सकाळी पळणारं एखादं पोरगं असणारच. एक एफआयआर झाला की चारित्र्य पडताळणीत त्याचं काय होईल ते त्याला विचार.

आता तुझ्या कामाचं. शनिवारी मोकळे आहातच, तर तुम्ही आठही जण एकत्र बसा. प्रत्येकानं उमंग अॅपवर आपलं पीएफचं पासबुक उघडायचं. दोन वर्षांत किती महिने पैसे भरलेत, कुठल्या नावानं भरलेत, ते लिहून काढायचं. ईएसआयचा नंबर होता का? महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर तो असायलाच पाहिजे होता. जादा तास किती केले ते आठवून, मोबाइलमधले फोटो, ठेकेदाराचे मेसेज बघून तारखा लावा. पगार बँकेत आला असेल तर स्टेटमेंट काढा.

काढून टाकलेल्या माणसाचा सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, असं नव्या वेतन संहितेत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. ठेकेदार म्हणेल, मी काढलं कुठं, ‘येऊ नका’ एवढंच म्हणालो. तेच लेखी मागा. त्यानं पैसे दिले नाहीत तर ज्या फाउंड्रीत काम केलं तो मूळ मालक देणं लागतो, आणि मालकाला ठेकेदारापेक्षा अब्रूची भीती जास्त असते. दावा लावायला तीन वर्षं मुदत आहे, पण थांबू नका. आठही जणांच्या सहीचा अर्ज कामगार आयुक्तांच्या कोल्हापूरच्या कार्यालयात द्या, पोच घ्या. एकट्यानं जाऊ नको, एकट्याला चहा पाजून परत पाठवतात.

त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला: सध्या या जागी चौदा माणसं बारा तास काम करतात, त्यांची हजेरी, पीएफ आणि जादा कामाचा मोबदला तपासावा. माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच. त्या चौदा जणांना कायद्याप्रमाणं पैसे द्यावे लागले की माणशी ७५० ची कमाई संपली, आणि ती संपली की मुर्शिदाबादहून माणूस आणून खोलीवर ठेवायचा खटाटोप ठेकेदाराला परवडेलच असं नाही. तपासणीत कुणी खरंच परदेशी निघाला तर तेही तिथंच उघडं पडेल, सरकारी माणसापुढं, दिवसाउजेडी. जमलं तर त्यांच्यातल्या एकाशी बोल. मोडकं हिंदी चालतं. त्यालाही ४५० च मिळतात की मुकादम त्यातले पन्नास कापतो, ते कळेल.

सवलती घेणाऱ्या कारखान्यांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं राज्याचं जुनं धोरण आहे, त्याच्या बातम्या निवडणुकीआधी येतात. हरियाणानं ७५ टक्क्यांचा कायदाच केला होता, तो २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं रद्द केला. त्यावर भिस्त ठेवू नको. आणि पुन्हा फेटलिंगलाच जायचं का, हेही एकदा बघ. फिटर आहेस, कळंब्याच्या आयटीआयमध्ये जाऊन अप्रेंटिसच्या जागा कुठं निघाल्यात विचार. मेंटेनन्सला, फर्नेसवर, सीएनसीला माणूस मिळत नाही म्हणून उद्यमनगरातले कारखानदार माझ्याकडं अजून रडतात. सुरुवातीला पैसे कमी मिळतील. फुप्फुस मात्र शाबूत राहील.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस. दिवाळीआधी बारा तास केले असतील त्या दिवसांचे तुला दुप्पट मिळायचे का? पासबुक बघितलंस की हेही कळव. आणि आठातले कितीजण सही करायला तयार झाले तेही.